मुलाखतीचा पुरावा : एका साक्षीच्या दोन नोंदी

१

सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासात मुलाखतीला आज जे स्थान लाभले आहे ते पाहता, ती एक स्वतंत्र संशोधनपद्धती आहे हे निराळे सिद्ध करण्याचे प्रयोजन उरलेले नाही. लोकसाहित्य, बोलींचा अभ्यास, ग्रामजीवन, कामगारांच्या व स्त्रियांच्या चळवळी, स्थलांतर अशा विषयांवरील प्रबंधांना मुलाखतींचे परिशिष्ट जोडण्याचा प्रघात आता रूढ झाला आहे. ज्यांनी स्वतःच्या हाताने काही लिहून ठेवले नाही, किंवा ज्यांच्याविषयी जे लिहिले गेले ते इतरांनीच लिहिले, त्यांच्यापर्यंत पोचण्याचा हाच एक मार्ग अभ्यासकास मोकळा असतो. या पद्धतीचे महत्त्व तेथेच आहे, आणि तिची जबाबदारीही तेथेच आहे.

परंतु अशा परिशिष्टांचे स्वरूप बारकाईने न्याहाळले, तर एक गोष्ट वारंवार ध्यानात येते. त्यांत बोलणारा असतो, विचारणारा नसतो. प्रश्न गाळलेले असतात, उत्तरे एकमेकांना जोडून त्यांचे अखंड निवेदन केलेले असते, आणि वाचणाऱ्याची अशी समजूत होते की एक व्यक्ती आपल्या मनाने, कोणी न विचारता, आपली हकीकत सांगत बसली आहे. मुलाखत कोणी घेतली, कोठे घेतली, त्या वेळी आणखी कोण हजर होते, मुलाखत देणाऱ्याने समोरच्या माणसास कोण समजून उत्तरे दिली, यांविषयी एखादी ओळ असली तर असते. न्यायालयातील साक्षीदाराचा जबाब घेताना कोणत्या टप्प्यावर कोणता प्रश्न विचारता येईल याचे बंधन कायदा घालतो. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने सूचक प्रश्नाची व्याख्या केली होती आणि सरतपासणीत अशा प्रश्नांस विरोधी पक्षाला हरकत घेता येईल असे म्हटले होते. २०२४ साली त्या कायद्याची जागा घेणाऱ्या नव्या अधिनियमानेही हा विचार सोडलेला नाही. उत्तराचे मोल प्रश्नावर अवलंबून असते हे न्यायशास्त्राने मान्य केलेले तत्त्व संशोधनाने मात्र पुरतेपणी अंगीकारलेले दिसत नाही.

विचारणाऱ्यास वगळून उरलेल्या मुलाखतीची पुरावा म्हणून किंमत किती, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न होय. त्याच्या विवेचनासाठी अमेरिकेतील एका प्रसिद्ध मुलाखत-संग्रहातील दोन नोंदी मुख्यतः विचारात घेतल्या आहेत.

२

विचारणाऱ्याचा उत्तरावर परिणाम होतो ही शंका नवी नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ स्टुअर्ट राइस यांनी १९२९ साली प्रसिद्ध केलेल्या एका लेखात तिचा उत्तम दाखला मिळतो. १९१४ साली न्यूयॉर्क शहरातील सुमारे २००० निराश्रित पुरुषांच्या मुलाखती घेण्यात आल्या होत्या. त्यांतील एक मुलाखतकार दारूबंदीचा पुरस्कर्ता होता, तर दुसरा समाजवादी विचारांचा. पहिल्याच्या नोंदींत या माणसांच्या दैन्याचे कारण म्हणून मद्यपान पुन्हा पुन्हा पुढे येते. दुसऱ्याच्या नोंदींत बेकारी आणि उद्योगधंद्यांतील परिस्थिती. मुलाखतकाराने स्वतः काढलेला निष्कर्ष त्याच्या मताकडे झुकावा यात आश्चर्य नाही. राइस यांचे निरीक्षण याच्या पुढे जाणारे होते. त्या निराश्रितांनी आपल्या दैन्याची जी कारणे स्वमुखाने सांगितली म्हणून नोंदविली गेली, तीही त्याच दिशेने झुकलेली होती. पूर्वग्रह विचारणाऱ्याच्या मनात राहत नाही; तो उत्तर देणाऱ्याच्या तोंडी उतरतो. राइस यांनी त्याला सांसर्गिक म्हटले ते यथार्थच होय.

यावर सुचणारा पहिला उपाय असा, की प्रश्नच कमी करावेत. शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात २१,००० हून अधिक कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. आरंभी ठरावीक प्रश्न विचारले जात. थोड्याच काळात असे दिसून आले, की कामगार प्रश्नाचे उत्तर देतात आणि मग त्यांच्या मनात जे खरोखर घोळत असते त्याकडे वळतात. तेव्हा पद्धत बदलण्यात आली. कामगाराने हवे ते बोलावे, मुलाखतकाराने ऐकावे, उपदेश करू नये, वाद घालू नये, असे ठरले. परिणामी अर्ध्या तासाची मुलाखत सरासरी दीड तासापर्यंत लांबली. रोथलिसबर्गर आणि डिक्सन यांनी १९३९ साली ग्रंथरूपाने हा सर्व वृत्तान्त दिला, आणि मोकळ्या मुलाखतीच्या पुढील काळातील तंत्रावर त्याचा ठसा राहिला.

या उपायाची मर्यादाही त्याच वृत्तान्तात दडलेली आहे. प्रश्न गेले तरी प्रश्नकर्ता गेला नाही. ऐकणारा माणूस कंपनीचा होता, आणि सांगणाऱ्याची रोजी त्याच कंपनीच्या हाती होती. ऐकणाऱ्याने मौन पाळले म्हणजे त्याचे सामाजिक स्थान नाहीसे होते असे नाही. किंबहुना, मौन पाळणारा अधिकारी काय ऐकू इच्छितो याचा अंदाज बांधणे हे दुर्बळ माणसास जन्मभर करावे लागलेले कामच असते. ही गोष्ट पुढील उदाहरणात अधिक स्पष्ट होते.

३

१९३६ ते १९३८ या काळात अमेरिकेच्या संघराज्य सरकारने आर्थिक मंदीमुळे बेकार झालेल्या लेखकांना काम देण्यासाठी चालविलेल्या लेखक-प्रकल्पात, पूर्वी गुलाम असलेल्या वृद्ध स्त्री-पुरुषांच्या मुलाखती घेण्याचे काम हाती घेण्यात आले. सतरा राज्यांतून २३०० हून अधिक मुलाखती जमल्या. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली होती, त्यामुळे मुलाखत देणारे बहुतेक ऐंशीच्या पुढचे होते. १९४१ साली हा संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सतरा खंडांत लावण्यात आला. इतिहासकारांचे लक्ष त्याकडे पुरेसे वळण्यास मात्र तीस वर्षे जावी लागली. जॉर्ज रॉविक यांनी १९७२ पासून हे साहित्य छापून प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला, आणि तेव्हापासून त्याच्या विश्वसनीयतेचा वाद सुरू झाला.

शंकेची कारणे उघड होती. बहुसंख्य मुलाखतकार गोरे होते. दक्षिणेतील राज्यांत त्या वेळी वर्णभेदाचे कायदे जारी होते. काळ्या माणसाने गोऱ्या माणसाशी बोलताना शब्द जपून वापरावा ही सक्ती जिवाच्या भीतीतून आलेली होती. मुलाखत देणारे अतिशय दरिद्री होते, आणि घरी आलेला सरकारी माणूस आपल्याला निवृत्तिवेतन किंवा मदत मिळवून देईल अशी अनेकांची आशा होती. मुलाखती बहुधा टिपणांवरून व स्मरणाने लिहून काढल्या जात, त्यानंतर कार्यालयांत त्यांवर संस्कार होत. १९७७ नंतर रॉविक यांनी प्रसिद्ध केलेल्या पुरवणी खंडांवरून असेही दिसून आले, की राज्य पातळीवरील काही मूळ नोंदी राजधानीकडे जाण्यापूर्वी बदलण्यात आल्या होत्या. जॉन ब्लासिंगेम यांनी १९७५ साली एका विस्तृत लेखात या सर्व दोषांची झडती घेऊन संग्रहाच्या वापराविषयी गंभीर इशारा दिला. पॉल एस्कॉट यांनी १९७९ साली या नोंदींची संख्यात्मक छाननी केली, तेव्हा मुलाखतकार गोरा असता मालकाविषयीची अनुकूल मते अधिक, आणि मुलाखतकार काळा असता कमी, असे आढळून आले.

संख्यात्मक छाननीने कल दिसतो, परंतु तो कल प्रत्यक्ष बोलण्यात कसा घडतो हे दिसत नाही. ते पाहण्याची संधी दक्षिण कॅरोलिना राज्यातील चार्ल्स्टन शहरातल्या दोन नोंदी देतात. एकीत मुलाखत देणाऱ्या स्त्रीचे नाव सुसान हॅम्लिन असे आहे, दुसरीत सुसान हॅमिल्टन असे. पत्ता एकच, मालकाचे आडनाव एकच, शहर एकच. व्यक्ती एकच आहे यात संशय राहत नाही. जेम्स वेस्ट डेव्हिडसन आणि मार्क लिटल या दोन इतिहासकारांनी इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी १९८२ साली लिहिलेल्या ग्रंथात या नोंदी समोरासमोर मांडल्या, आणि तेव्हापासून त्या पद्धतिशास्त्राच्या चर्चेत वारंवार येतात.

४

पहिली नोंद जेसी बटलर या गोऱ्या बाईंनी जुलै १९३७ मध्ये केली. तिच्या आरंभीच बटलरबाईंनी एक मोलाची माहिती दिली आहे. हॅम्लिनबाई दाराशी पायरीवर बसल्या होत्या. आपली चौकशी होत आहे हे ऐकून त्यांनी अशी समजूत करून घेतली, की आलेली बाई मदत-कार्यालयातून आली असावी. या कार्यालयाकडून त्यांना पूर्वी साहाय्य मिळत असे. बटलरबाईंनी ही समजूत दूर केली नाही. गुलामगिरीच्या आठवणी काढून घेण्याचा आपला हेतू त्यांनी अखेरपर्यंत कळू दिला नाही. बोलता बोलता वयाचा उल्लेख झाला, आणि तो धागा पकडून त्यांनी गोष्ट जुन्या दिवसांकडे वळविली. त्या हॅम्लिनबाईंना नुसत्या नावाने संबोधितात. हॅम्लिनबाई आदरार्थी संबोधनाने उत्तर देतात.

या मुलाखतीत सांगितलेली गुलामगिरी सौम्य आहे. मालक फुलर हे भले गृहस्थ होते, त्यांच्या पत्नीचे माहेरही थोर होते. गुलामांशी चांगले वागावे म्हणूनच जणू त्यांनी गुलाम बाळगले होते, असा एकूण सूर आहे. ही नोंद एकटी हाती आली असती, तर दयाळू मालकाचा आणि कृतज्ञ सेवकांचा जुना दक्षिणी समज तिने पुष्ट केला असता.

दुसरी नोंद ऑगस्टस लॅडसन या काळ्या मुलाखतकाराची आहे. येथे त्याच बाई समोरच्या माणसाला मुलासारखे मानून संबोधितात, आणि सारा रंग पालटतो. चाबकाचे फटके मारले जाताना इतर गुलामांना ते पाहायला उभे केले जाई. स्त्रियांना छताला टांगून मारताना आपण पाहिले, असे त्या सांगतात. आई, बाप, भाऊ, बहीण यांना आगाऊ सूचना न देता विकले जाई, तेव्हा उठणाऱ्या आक्रोशाचे वर्णन त्या करतात. एका जोडप्याचा विवाह झाला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी नववधू विकली गेली. तिची आई रस्त्यावर आली आणि मालकिणीस शिव्याशाप देऊ लागली. पोलिसांची भीती घातली तेव्हा, हे सोसण्यापेक्षा मरण पत्करीन, असे तिने सुनावले. तिला शहरातील 'वर्कहाउस'मध्ये नेण्यात आले. गुलामांना शिक्षा देण्यासाठी मालक याच ठिकाणी पाठवीत असत. तिचे पुढे काय झाले ते आपल्या कानी आले नाही, असे म्हणून हॅम्लिनबाई ती हकीकत संपवितात.

याच नोंदीत त्यांच्या वडिलांची एक हकीकत येते. वडील दुसऱ्या मालकाकडे होते, आणि तो मालक क्रूर होता. मालकाने फटके मारल्यावर दुसऱ्या दिवशी वडिलांनी त्यास गाडीतून रानात नेले, झाडाला बांधले, मिळाला होता तेवढाच मार परत दिला, आणि बोटीने चार्ल्स्टन गाठून उत्तरेकडे जाणाऱ्या जहाजावर काम मिळविण्याचा प्रयत्न केला. ही कथा सांगण्यापूर्वी हॅम्लिनबाई एक छोटी पुस्ती जोडतात : हे वडिलांच्या सांगण्यावरून. पाहिलेले आणि ऐकलेले यांतील भेद त्या स्वतःच राखतात.

वयातही अंतर आहे. बटलरबाईंच्या नोंदीत वय १०४ आहे, लॅडसन यांच्या नोंदीत १०१. दोन्हींपैकी कोणतेही धरले, तरी गुलामगिरी संपली तेव्हा हॅम्लिनबाई प्रौढ होत्या. अन्य बहुतेक मुलाखतींतील लोकांनी ती केवळ बालपणी पाहिली होती. त्यामुळे ही साक्ष अधिक मोलाची ठरते.

५

या दोन नोंदी वाचून होणारा पहिला निर्णय असा, की बटलरबाईंची नोंद खोटी व लॅडसन यांची खरी. हा निर्णय बऱ्याच अंशी योग्य दिशेचा आहे. परंतु तो घाईचा आहे, आणि पद्धतीच्या दृष्टीने त्यातून काही शिकता येत नाही.

प्रथम हे पाहिले पाहिजे, की बटलरबाईंच्या नोंदीवर अविश्वास दाखविण्याचे साधन कोठून मिळाले. ते त्यांच्याच नोंदीतून मिळाले. आपल्याला मदत-कार्यालयाची बाई समजण्यात आले आणि आपण तो समज राहू दिला, हे त्यांनी लिहून ठेवले नसते, तर फुलर यांची स्तुती ही मदतीची आशा बाळगणाऱ्या एका शतायुषी दरिद्री स्त्रीने गोऱ्या अधिकारी बाईसमोर केलेली स्तुती आहे, हे कळण्यास मार्ग नव्हता. त्यांचे वर्तन सदोष होते. त्यांची नोंद त्या मानाने प्रामाणिक आहे. याउलट लॅडसन यांची नोंद आशयाने समृद्ध आहे, पण त्यांचे प्रश्न तीत जवळजवळ दिसत नाहीत. फटक्यांचा विषय हॅम्लिनबाईंनी आपणहून काढला, की लॅडसन यांनी विचारले? विक्रीच्या हकीकती कोणत्या क्रमाने आल्या? ही माहिती मिळत नाही. चांगल्या मुलाखतीची अपुरी नोंद आणि वाईट मुलाखतीची पुरेशी नोंद, असा हा विचित्र योग आहे. चांगली मुलाखत आणि चांगली नोंद या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यावरून ध्यानात यावे.

दुसरा मुद्दा नीतीचा आहे. मुलाखत देणाऱ्यास आपला हेतू न सांगणे अनुचित आहे, हे आज सर्वत्र मान्य झाले आहे. विद्यापीठांतून संमतिपत्रे भरून घेण्याची चालही पडली आहे. पण नीतीचा प्रश्न निराळा आणि पुराव्याचा प्रश्न निराळा, अशी जी वाटणी बहुधा केली जाते, ती या उदाहरणापुढे टिकत नाही. बटलरबाईंची फसवणूक हॅम्लिनबाईंवर अन्याय करणारी होती, आणि त्याच कारणाने त्यांना मिळालेली माहितीही निकृष्ट ठरली. ज्याला आपण कशासाठी बोलत आहोत हेच ठाऊक नाही, त्याने समोरच्याच्या अधिकाराचा अंदाज घेऊन बोलणे स्वाभाविक आहे. हेतू उघड करणे हे सौजन्य तर आहेच, शिवाय ते तंत्राचेही अंग आहे. संमतिपत्रावर सही झाली म्हणजे हे काम उरकले असे मात्र नाही. सही करणाऱ्याने सही कशावर केली असे मानले, ते कळल्याशिवाय त्या कागदाचा अर्थ लागत नाही.

तिसरा मुद्दा उपायाचा. सर्वेक्षणाच्या परंपरेत या दोषावर जो उपाय सुचविला गेला, तो मुलाखतकारास शक्य तितका एकसारखा करण्याचा : तेच प्रश्न, तोच क्रम, तेच शब्द. हर्बर्ट हायमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मुलाखतकारामुळे शिरणाऱ्या दोषांचा कसोशीने विचार झाला आहे. ज्या उत्तरांची बेरीज करावयाची असते तेथे हा मार्ग आवश्यकच होय. पण बटलरबाईंनी आणि लॅडसन यांनी शब्दशः एकच प्रश्न विचारला असता, तरी तो हॅम्लिनबाईंना एकच प्रश्न म्हणून ऐकू आला नसता. मालक कसा होता, हा प्रश्न गोऱ्या तोंडून एक अर्थ घेऊन येतो आणि काळ्या तोंडून दुसरा.

मग मुलाखतकार मुलाखत देणाऱ्याच्याच समाजातील असावा, असे सुचविले जाते. या सूचनेत पुष्कळ तथ्य आहे, आणि लॅडसन यांची नोंद हा तिचा भक्कम आधार आहे. तथापि आपल्या माणसापाशी सर्व काही बोलता येते असे नाही. काही गोष्टी आपल्या माणसापाशीच बोलता येत नाहीत. भाऊबंदकी, कुटुंबातील हिंसा, पोटजातींमधील उच्चनीचता यांविषयी आतल्या माणसापेक्षा परक्याजवळ मन मोकळे झाल्याचा अनुभव क्षेत्रकार्य करणाऱ्यांना येतोच. तात्पर्य, जेथे प्रश्नकर्त्याचा प्रभाव शून्य होतो असे स्थान अस्तित्वात नाही. प्रत्येक स्थानावरून काही दिसते आणि काही झाकले जाते.

६

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. प्रत्येक मुलाखत जर तिच्या प्रसंगाने बांधलेली असेल, तर तिच्यावरून त्या प्रसंगाखेरीज दुसरे काहीच कळत नाही असे म्हणावे लागेल. मग गुलामगिरी कशी होती, हा प्रश्नच सोडून द्यावा लागेल, आणि सर्व साक्षी सारख्याच सापेक्ष ठरतील. हा निष्कर्ष ज्यांच्या बाजूने मालकांची हिशेबवह्या, पत्रव्यवहार आणि आत्मचरित्रे आहेत, त्यांना फार सोयीचा आहे. कारण ती कागदपत्रेही प्रसंगबद्धच असतात, पण त्यांची उलटतपासणी क्वचित होते.

वास्तविक नोंदीतील प्रसंग ओळखता येणे हेच या आक्षेपास उत्तर होय. सांगणाऱ्यास काय बोलणे लाभाचे किंवा धोक्याचे होते हे ठाऊक असले, म्हणजे विधानांचे वजन करता येते. गोऱ्या अधिकारी बाईसमोर मालकाची स्तुती करणे लाभाचे होते. तेव्हा त्या स्तुतीचे वजन कमी. वर्णभेदाच्या दक्षिणेत, सरकारी प्रकल्पात लिहून घेतल्या जाणाऱ्या निवेदनात, नावानिशी गोऱ्यांच्या क्रौर्याविषयी बोलणे धोक्याचे होते; तेव्हा त्या विधानांचे वजन अधिक. दोन विरुद्ध प्रसंगांत ज्या गोष्टी कायम राहतात, त्यांचे वजन सर्वांत अधिक. आणि वडिलांच्या कथेप्रमाणे जेथे सांगणाराच ऐकीव माहिती वेगळी काढून ठेवतो, तेथे त्याच्या साक्षी देण्याच्या शिस्तीविषयी आदर वाटून, त्याने पाहिले म्हणून सांगितलेल्या गोष्टींवरचा विश्वास वाढतो. हे सर्व विवेचन प्रसंगाच्या नोंदीमुळेच शक्य होते. प्रसंग पुसून टाकला, की उरते ते केवळ विश्वास ठेवणे किंवा न ठेवणे.

आणखी असे, की बटलरबाईंची नोंदही टाकाऊ नाही. १८५० च्या सुमाराची चार्ल्स्टनमधील गुलामगिरी तिच्यावरून फारशी कळत नसेल. पण १९३७ सालच्या चार्ल्स्टनमध्ये एका वृद्ध काळ्या स्त्रीस गोऱ्या बाईशी कसे बोलावे लागत होते, याचा तिच्याहून बोलका कागद मिळणे कठीण. जी नोंद एका प्रश्नाचे उत्तर म्हणून निकामी ठरते, ती दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मोलाची ठरू शकते.

७

मराठीतून क्षेत्रकार्य करणाऱ्या अभ्यासकांस या चर्चेचा संबंध दूरचा नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा शोध घेऊन 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ साली सिद्ध केला. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातील कामगारांच्या बोलण्यातून त्या वस्तीचा शंभर वर्षांचा इतिहास २००४ साली ग्रंथरूपाने मांडला. जे अन्यत्र कोठेही नोंदविले गेले नसते, ते मुलाखतीमुळे कसे वाचते याची ही ठळक उदाहरणे आहेत. १९८२ च्या गिरणी संपात ऐन उमेदीत असलेले कामगार आज वृद्ध झाले आहेत. त्या आधीच्या चळवळींतील तर फारच थोडे उरले असतील. अशा वेळी नोंद कशी करावी हा प्रश्न निकडीचा होतो. कारण गाळलेला प्रश्न पुन्हा विचारण्यासाठी तो माणूस पुढे भेटेलच असे नाही.

मराठी बोलण्याची काही वैशिष्ट्ये या दृष्टीने विशेष जपण्यासारखी आहेत. पहिले संबोधनाचे. मुलाखत देणारी बाई अभ्यासकाला 'साहेब' म्हणते, 'सर' म्हणते, 'दादा' म्हणते की 'बाळा' म्हणते. अभ्यासक तिला 'बाई', 'मावशी', 'आजी' म्हणतो की नुसते नाव घेतो. 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांपैकी कोण कोणासाठी काय वापरतो, आणि मुलाखत पुढे सरकते तसे यात काही पालटते का, यांवरून दोघांमधील अंतर मोजता येते. हॅम्लिनबाईंच्या दोन नोंदींत जो भेद दोन संबोधनांनी दाखविला, तो मराठीत क्रियापदाच्या रूपापर्यंत पोचलेला असतो. प्रश्न गाळले आणि संबोधने साफ केली, की हे मोजमाप कायमचे नाहीसे होते.

दुसरे, 'म्हणे' या लहानशा शब्दाचे. 'त्याला चावडीवर बांधून मारलं' आणि 'त्याला चावडीवर बांधून मारलं म्हणे' या दोन वाक्यांत साक्षीदार आणि श्रोता यांच्याएवढे अंतर आहे. बोलणारा हे अंतर सहजगत्या राखतो. नोंद करणारा मात्र ग्रांथिक भाषा करण्याच्या ओघात तो शब्द अनावश्यक समजून वगळतो, आणि ऐकीव गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली होऊन बसते. तिसरे, 'आम्ही' या सर्वनामाचे. मराठी माणूस, विशेषतः मराठी स्त्री, 'आम्ही' म्हणते तेव्हा त्यात कधी ती एकटी असते, कधी घर असते, कधी वस्ती असते. 'आम्ही मोर्चाला गेलो' याचे 'मी मोर्चाला गेले' असे रूपांतर केले, म्हणजे वाक्य सुबोध होते. पण तिने स्वतःला ज्या समूहात ठेवले होते त्यातून तिला काढून घेतले जाते. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी अशा बोलींतील निवेदने प्रमाण मराठीत आणताना हा धोका दुणावतो.

चौथे, उपस्थितांचे. खेड्यात मुलाखत क्वचितच दोघांत होते. घरधनी दाराशी बसलेला असतो, सून आत ऐकत असते, शेजारी मध्येच तारीख दुरुस्त करतो. आणि आलेला माणूस बहुधा कोणत्या तरी सरकारी योजनेची पाहणी करावयास आला आहे असाच समज आरंभी होतो. बटलरबाईंच्या वेळचे मदत-कार्यालय येथे नाव बदलून हजर असते. तो समज दूर झाला का, केव्हा झाला, आणि त्यापूर्वीची उत्तरे कोणती, याची नोंद नसेल, तर कर्ज, जमीन, जात आणि उत्पन्न यांविषयीची उत्तरे वाचणाऱ्यास तोलून घेता येत नाहीत.

८

या विवेचनावरून मुलाखतीच्या नोंदीविषयी काही किमान अपेक्षा निश्चित करता येतील. प्रश्न उत्तरांबरोबर छापावेत. जागेच्या अभावी ते गाळणे भाग पडले, तर मूळ नोंद विभागाच्या संग्रहात ठेवावी आणि तसा उल्लेख करावा. मुलाखतकाराचे नाव, त्याची भाषा, त्याचे मुलाखत देणाऱ्याशी असलेले सामाजिक नाते आणि त्यास कोणी नेऊन पोचविले, हे लिहावे. स्थळ, वेळ आणि उपस्थित माणसे यांची नोंद व्हावी. ध्वनिमुद्रण असेल तर ते जपावे. ध्वनिमुद्रण सुलभ झाल्यामुळे लिखित नोंदीतील हलगर्जीपणा क्षम्य ठरतो असे मात्र नाही, कारण कोण समोर बसले होते हे ध्वनी सांगत नाही. शक्य असेल तेथे एकाच व्यक्तीची दुसरी मुलाखत दुसऱ्या अभ्यासकाने घ्यावी, आणि दोन नोंदींत विसंगती आढळली तर ती जुळवून टाकण्याऐवजी तशीच ठेवावी.

या अपेक्षा क्लिष्ट नाहीत. त्यांना फक्त पाने अधिक लागतात. त्यांना होणारा खरा विरोध वेगळ्या ठिकाणाहून येतो. प्रश्न गाळून केलेले निवेदन वाचनीय असते, आणि ते वाचताना अभ्यासक आपल्या जागी अदृश्य, निर्विकार असा भासतो. आपण कोण म्हणून समोर बसलो होतो, आपल्याला काय सांगितले गेले आणि काय सांगितले गेले नाही, हे उघड करण्याचा संकोच या अदृश्यपणामागे दडलेला असतो. सुसान हॅम्लिन यांच्या दोन नोंदींपैकी एकीत हा संकोच थोडासा बाजूला राहिला, म्हणून तब्बल पंचेचाळीस वर्षांनी इतिहासकारांना त्या दोन्हींतून वृद्धेचे म्हणणे तोलून घेता आले. चार्ल्स्टनमध्ये निदान दुसरी नोंद होती. जेथे एकच नोंद होणार आहे, तेथे विचारणाऱ्याने स्वतःला पुसून टाकणे हे सांगणाऱ्याची साक्ष अर्धी पुसून टाकण्यासारखेच होय.